सुविद्य पत्नीच्या प्रेरणेने

हेग आणि आसपासच्या मराठी मंडळींत मी फजित्यांसाठी प्रसिद्ध आहे. ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकवून मी एका दूतावासाच्या गाडीवर जाऊन आदळलो, तो किस्सा मी चार गणपतींत सांगितला आणि चारही वेळा लोक हसले. डच शेजाऱ्याच्या वाढदिवसाला जेवण असणारच, अशा खात्रीने मी सकाळपासून उपाशी राहिलो आणि संध्याकाळी गोलात मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून केकचा एक तुकडा आणि एक बिस्किट यांवर तीन तास काढले, हा दुसरा. असे दहा-बारा आहेत. स्वतःवर हसणारा माणूस मनाने चांगलाच असणार, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

ही जी हकिगत लिहितो आहे ती मी एकदाच लोकांसमोर सांगितली. ते शेवटी येईलच.

मी या देशात आलो तो बायकोच्या जिवावर. नोकरी तिला लागली होती, इथल्या एका विद्यापीठात संशोधक म्हणून, चार वर्षांच्या कराराने. मी पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून तिच्यामागून आलो. माझ्या राहण्याच्या परवान्याच्या अर्जात मी तिचा जोडीदार होतो, एवढीच माझी पात्रता. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमात ओळख करून देणारे म्हणाले, "आणि हे त्यांचे यजमान." संपलं. मी काय करतो, हे कुणी विचारलंही नाही. पुढे मला अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या मोठ्या कंपन्यांच्या भागातल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत बऱ्यापैकी काम मिळालं. मुलगी झाली, इथेच. बायकोचा करार संपला, डॉक्टरेट मिळाली, आणि विद्यापीठाने तिला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. ती आठवड्यातून आठ तास प्रौढांना फ्रेंच शिकवायला लागली. मग मात्र लोक मला माझ्या नावाने ओळखू लागले आणि तिला माझी मिसेस म्हणून. हा बदल मला खटकला नाही. खरं सांगायचं तर आवडला.

तिचं संशोधन परीकथांवर होतं. हे वाक्य मी मंडळात असं म्हणायचो की लोक हसलेच पाहिजेत. "आमची ही पऱ्यांची डॉक्टर आहे. कुणाची परी आजारी असली तर सांगा." हे तिच्यासमोर म्हणायचो. ती हसायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं माणसं खूप हसतात.

ती मला समजावून सांगायची, आणि मी ऐकायचो. अगदीच बैल नव्हतो. तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये काही बायका एकमेकींच्या दिवाणखान्यात जमायच्या आणि पाळीपाळीने गोष्टी रचून सांगायच्या. विद्वानांच्या सभेत त्यांना जागा नव्हती. पुष्कळ जणींची लग्नं वडिलांनी आपल्या सोयीने लावून दिलेली, काहींचे नवरे वयाने बापासारखे. म्हणून त्यांच्या गोष्टींत राज्य परीचं असायचं. लग्न कुणाचं कुणाशी व्हायचं ते परी ठरवणार, राजाला जनावर करणार, त्याला पुन्हा माणूस करायचं की नाही तेही तीच बघणार. राजकन्या वाट बघत बसायच्या नाहीत, घोडा काढायच्या. आणि गोष्टीचा शेवट गोड झालाच पाहिजे, असंही नव्हतं.

"म्हणजे तेव्हाची भिशीच की," मी म्हणालो.

पहिल्यांदा ती खळखळून हसली. हाच विनोद मी तिच्या डॉक्टरेटच्या पार्टीत केला, तिच्या आईसमोर केला, आणि तिच्या फ्रेंच मैत्रिणीला भिशी म्हणजे काय ते नीट समजावून सांगून मग केला. तिथवर हसू संपलेलं होतं. हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे असं नाही. तेव्हाही कळलं होतं. पण बाकीचे हसत होते ना.

त्या बायकांची पुस्तकं निघायची तेव्हा पहिल्या पानावर बहुतेकदा नावच नसायचं. 'मादाम' असं लिहून एक अक्षर आणि पुढे तीन चांदण्या. एका बाईची गोष्ट तर पुढे कित्येक वर्षं एका पुरुषाच्या पुस्तकात, त्याच्याच नावावर छापली जात होती. आणि आमच्या हेगमधले तेव्हाचे छापखानेवाले पॅरिसची पुस्तकं कुणाला न विचारता सरळ छापून विकायचे. त्या चोरट्या आवृत्त्या हाच तिचा विषय. म्हणून तर आम्ही या गावात येऊन पडलो.

"चोरलं म्हणूनच टिकलं असेल," मी एकदा शहाणपणाने म्हटलं.

"टिकलं रे," ती म्हणाली. "पण त्यांना कुठे माहीत होतं?"

शिकवण्याचे आठ तास सोडून उरलेल्या वेळात ती काय करते, हे मला बरेच महिने माहीत नव्हतं. ती गोष्टी लिहीत होती. त्या बायकांच्या धर्तीवर, पण स्वतःच्या, मराठीत. अशा सहा झाल्यावर तिने पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनाला पत्र घातलं. तिथल्या संपादक बाईंनी दोन नमुने वाचून कळवलं, की सहाही पाठवा, पुस्तक करू या. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि फोनकडे बघत होती. मला म्हणाली, "अरे, डॉक्टरेट मिळाली तेव्हा मला असं काही झालं नव्हतं."

ती लिहायची वहीत, हाताने. देवनागरी टाइप करायचा तिला कंटाळा आणि माझा हात त्यात चांगला बसलेला, मंडळाची पत्रकं करून करून. म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. मी रोज हेग ते अ‍ॅमस्टरडॅम आगगाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन तिची पानं टाइप करायचो. त्याबद्दल मी स्वतःला फार मोठ्या मनाचा नवरा समजत होतो, आणि ऑफिसातल्या दोघातिघांना तसं ऐकवलंही होतं.

सहांतली चौथी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. समुद्राहून खाली असलेलं एक राज्य असतं. तिथले बांध एक परी सांभाळते. शेजारचा राजा तिला मागणी घालतो. ती म्हणते, येईन, पण दिवसातला एक प्रहर मी बगळा असते आणि बांधांवरून फिरून येते; हे कुणाला सांगायचं नाही. राजा कबूल होतो. आणि पहिल्याच मेजवानीत पाहुण्यांना हसवायला म्हणून सांगून टाकतो. पाहुणे पोट धरधरून हसतात. परी बगळा होते ती कायमची. राजा रोज कालव्याच्या काठावर येऊन हाका मारतो. तिच्या वहीतला शेवट असा होता : "राजाने हाक मारली. ती ऐकू आली, असं तिच्या मानेवरून वाटलं. पण समोर मासा होता."

मी टाइप करून घरी आल्यावर तिला म्हणालो, "हे काय, असं मध्येच संपवलंस?"

"मध्येच कुठे? संपली."

"परत नाही येत ती?"

"तिला काम आहे," बायको म्हणाली.

मला राजा हे विनोदी पात्र वाटलं होतं. यावरून मी काय वाचतो आणि कसं वाचतो, याची कल्पना यावी.

त्याच सुमारास मंडळाच्या काकांचा फोन आला. काका म्हणजे आमच्या दिवाळी अंकाचे संपादक आणि गणपतीच्या कार्यक्रमाचेही सर्वेसर्वा. चाळीस वर्षांपूर्वी आलेले. बोलतात अजून सदाशिव पेठेतून. "दहा मिनिटं तुझी धरली आहेत बरं का. पण ट्राम नको. गेल्या वेळी मागच्या रांगेतली पोरं तुझ्याआधी शेवट बोलत होती."

हे मला लागलं. फजित्या करायलाही वय लागतं. मी अलीकडे बऱ्यापैकी नीट वागायला लागलो होतो, नवीन माल नव्हता. आणि लॅपटॉपमध्ये ती गोष्ट होती.

मी बायकोला विचारणार होतो. हे वाक्य मी पुढच्या काही महिन्यांत इतक्यांदा म्हटलं आहे, की आता ते मलाच खोटं वाटतं. विचारलं नाही एवढं खरं.

हॉल एका शाळेचा होता. गणपती बास्केटबॉलच्या जाळीखाली. मी गोष्ट सुरू केली. राजाला पुणेरी केलं, दुपारी झोपणारा. पाहुण्यांत एक नागपूरकर घातला. आणि शेवटी बगळ्याला राजाची दया येते, ती पुन्हा बाई होते, बांधावरच मंगलाष्टकं होतात आणि बाकीचे बगळे अक्षता टाकतात. बगळे अक्षता टाकतात म्हटल्यावर असा हशा उसळला, की मला स्वतःलाच दोन मिनिटं थांबावं लागलं. काका माइक घेऊन म्हणाले, "वा! ही फजिती नाही, हे तर साहित्य झालं. स्वतःची का रे?"

मी म्हणालो, "सुचलं आपलं."

दोनच शब्द. दोन्ही माझे. बाकी दहा मिनिटांत माझं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

बायको त्या वेळी मागच्या खोलीत मुलीच्या नाचाच्या साडीला पिना लावत होती. तिथे स्पीकर होता. तिने सगळं ऐकलं. घरी येताना ट्राममध्ये ती पिनांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगीच बोलत होती, नेहमीप्रमाणे डचमध्ये. बाबाची गोष्ट किती छान होती, तिच्या मैत्रिणीलाही आवडली, बगळ्यांचा आवाज बाबा पुन्हा काढेल का. मी काढला. ट्राममध्ये.

घरी चपला काढताना बायको म्हणाली, "अंकात देऊ नकोस. एवढं कर."

अंकासाठी काकांनी मला तिथेच धरलं होतं, आणि मी हॉलच्या दारातूनच फोनवरून फाइल पाठवून दिली होती, माझ्या शेवटासकट. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, आधी काकांशी बोलू. दुसऱ्या दिवशी काकांना लिहिलं. परत घ्या, असं लिहायचं होतं. लिहिलं असं, की गोष्टीमागे बायकोचा मोठा हात आहे, तिचंही नाव कुठेतरी यावं. काकांचं उत्तर आलं, "अर्थात! काळजी नको."

दिवाळीला अंक आला. गोष्टीवर माझं नाव. आणि खाली, तिरक्या बारीक अक्षरांत : 'लेखकाच्या सुविद्य पत्नीच्या प्रेरणेने.'

बायकोने अंक हातात घेतला. मला वाटलं, फाडणार. तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "त्यांना निदान तीन चांदण्या तरी मिळाल्या."

मी घाईघाईने बोलू लागलो. की हे बघ, मी कसा मूर्ख, हॉलच्या दारात उभा, एका हातात मोदक, दुसऱ्या हाताने फाइल पाठवतोय, आणि काका माझ्या खांद्यावर...

"तू हे काय करतो आहेस?" तिने विचारलं.

"माफी मागतोय."

"नाही. किस्सा सांगतो आहेस. मोदक कशाला आला त्यात?"

खरंच, मोदक नव्हता. सांगता सांगता आला होता.

त्यानंतरचं सगळं फार थंडपणे झालं. अंकातलं ते पान कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवलं, मग आणखी कुणी, आणि माझ्या नावासकट ते पुण्यात पोचलं. बायकोने सहा गोष्टी प्रकाशनाकडे पाठवल्यावर आठवडाभराने संपादक बाईंचा फोन आला. ती स्पीकरवर ठेवून भाजी निवडत होती, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ताई, एक जरा नाजूक आहे. ती बगळ्याची गोष्ट. ती आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती हो. तुमच्या यजमानांची आहे ना ती?"

"माझी आहे."

"हो हो, तसं नाही म्हणत मी. पण छापून आली आहे त्यांच्या नावाने. उद्या कुणी काही म्हणायला नको. त्यांचं एक पत्र मिळेल का? की त्यांची हरकत नाही म्हणून?"

बायकोच्या हातात मेथीची जुडी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "विचारते त्यांना." आयुष्यात पहिल्यांदा तिने मला 'त्यांना' म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी लॅपटॉप उघडला. पहिल्या मसुद्यात मी स्वतःला चोर म्हटलं, दरोडेखोर म्हटलं, हेगच्या जुन्या छापखानेवाल्यांचा वंशज म्हटलं. मला तो मसुदा आवडला होता. ती माझ्या मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "चार ओळी. गोष्ट हिची आहे. मी न विचारता वापरली. शेवट मी बदलला. सही."

मी चार ओळी लिहिल्या. इतकं वाईट गद्य मी कधी लिहिलं नव्हतं.

तिकडून उत्तर आलं ते फारच गोड होतं. यजमानांचं पत्र मिळालं, किती मोठं मन. आता एक सुचवू का? त्या गोष्टीला दोघांचं नाव घालू या. शेवटही त्यांचाच ठेवू. लोकांना तोच माहीत आहे, तोच आवडला आहे. पती-पत्नीने मिळून लिहिलेली परीकथा, वाचकांना गंमत वाटेल.

तिने उत्तरात एकच ओळ लिहिली : ती गोष्ट काढून टाका.

मी म्हणालो, "अगं, सगळ्यांत चांगली आहे ती. त्यांना सांग ना, तुझाच शेवट घाला, नाहीतर दुसरं प्रकाशन बघू."

"आणि प्रत्येकाला तुझं पत्र दाखवत फिरू?"



पुस्तक पाच गोष्टींचं निघालं. पातळ झालं. वर तिचं नाव आहे, माहेरचं, पूर्ण. आभारात तिची आई आहे, तिची फ्रेंच मैत्रीण आहे, फ्रेंच शिकायला येणारी एक सत्तर वर्षांची डच विद्यार्थिनीसुद्धा आहे. मी तीनदा वाचलं, की नजरचुकीने माझं नाव वाचायचं राहून गेलं असेल.

मुलीने पुस्तक चाळलं. तिला मराठी वाचता येत नाही, चित्रं बघितली. मग आईला डचमध्येच विचारलं, बगळ्याची गोष्ट कुठे आहे? बायको म्हणाली, "ती नाही यात." मुलगी म्हणाली, हो, बरोबर, ती बाबाची आहे ना.

मी तिला सांगितलं, की ती आईची आहे, आणि आईचा शेवट वेगळा आहे. तो सांगितलाही. मासा वगैरे. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझा जास्त छान आहे, त्यात लग्न आहे. बायको खोलीतच होती. ती वाळलेले कपडे घड्या घालून ठेवत होती, आणि ठेवत राहिली.

मग मी ठरवलं, की हे लोकांसमोर सांगायचं. जिथे घेतलं तिथे परत द्यायचं. पुढच्या गणपतीत काकांकडून दहा मिनिटं मागून घेतली. बायको येणार नव्हती. मुलीला घेऊन गेलो. त्याच हॉलमध्ये, त्याच जाळीखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "गेल्या वर्षी इथे मी जी बगळ्याची गोष्ट सांगितली, ती माझी नव्हती. माझ्या बायकोची होती. मी चोरली."

लोक हसले.

मी म्हणालो, "खरंच सांगतोय." जास्त हसले. मी तिचं नाव घेतलं, पूर्ण, तिच्या पुस्तकावर आहे तसं, आणि पुस्तकाचंही घेतलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घरी जेवायला मिळालं नाही वाटतं!" हॉल कोसळला. मी हात वर करून थांबवायला बघत होतो, आणि मी हात वर करून उभा राहतो तेव्हा विनोदी दिसतो, हे मला आरशासमोर करून बघितल्यामुळे माहीत आहे. अंकात खाली काय छापलं होतं ते सांगितलं. 'सुविद्य पत्नी'वर सगळ्यांत मोठा हशा. काकाच पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. पुढचं बोलणं मी आटोपतं घेतलं. जी चार वाक्यं नीट पाठ करून आणली होती त्यांतली दोन राहिली.

खाली उतरल्यावर पाठीवर थापा. "काय टायमिंग!" "वहिनी फार स्पोर्टिंग आहेत हो." पुस्तक कुठे मिळेल, असं एकाने विचारलं. एकाने.

घरी बायको दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचे कागद तपासत होती. मुलगी धावत गेली आणि सांगू लागली, की बाबाने आज आईची गोष्ट सांगितली आणि सगळे खूप हसले.

"माझं नाव घेतलंस?" तिने मला विचारलं.

"घेतलं. पूर्ण घेतलं."

"मग?"

"टाळ्या पडल्या."

"कोणाला?"

मी पाणी प्यायलो.

काकांचा निरोप येऊन पडलाच होता. आजचा किस्सा या वर्षीच्या अंकासाठी लिहून दे, मिसेसचं नाव या वेळी मोठ्या टाइपात टाकू. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं.

"लिही," ती म्हणाली. "लिहिल्याशिवाय राहवणार नाही तुला. पण माझं नाव घालू नकोस. माझ्या पुस्तकावर ते माझं आहे. तुझ्या लेखात आलं की तो तुझाच किस्सा होईल."

मग तिने लाल पेन उचललं आणि पुढचा कागद घेतला. काकांना मी अजून काही दिलेलं नाही. हे त्यांच्या अंकासाठी नाही. आणि यात तिचं नाव नाही.